कुत्र्यांचं माहेर, चुडावा

आठवड्यातून दोन-तीन फोन येतात आणि सगळ्यांचा सूर एकच असतो. ‘ताई, तुम्ही प्राण्यांचं काम करता ना? एखादा चांगला ब्रीडर सांगा की. छोटंच पिल्लू पाहिजे. फ्लॅटमध्ये मावलं पाहिजे. केस गळणारं नको. फार भुंकणारं नको.’ मी म्हणते, मग कापसाचं का नाही घेत? समोरचा हसतो. त्याला वाटतं, मी विनोद केला.

चांगल्या ब्रीडरचं नाव मला ठाऊक होतं. माझ्या माहितीत अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच. आता ते सांगून उपयोग नाही, कारण गयामावशी उन्हाळा संपता संपता वारल्या. पण त्या असत्या तरी मी नाव सांगितलं नसतं. एकदा सांगितलं होतं, चांगलं छापून सांगितलं होतं. त्याचं काय झालं ते लिहायला बसले आहे.

चुडाव्याला रेल्वेतून उतरलं की स्टेशनच्या मागून रुळांना धरून एक कच्चा रस्ता फाटकाकडे जातो. त्या रस्त्यावर पत्र्याचं घर, पुढं अंगण, अंगणाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि डांबराची पिंपं फोडून, ठोकून सरळ केलेल्या पत्र्याचं कवाड. मावशींचे मालक रेल्वेत गँगमन होते. ते गेले. मुलगा पुण्याकडं कंपनीत. दिवाळीला यायचा, नाकाला रुमाल लावून दोन दिवस राहायचा आणि जायचा. बाकी घरात मावशी आणि त्यांची पांढरी, झिपरी, कोल्ह्याच्या तोंडाची कुत्री. पामेरियन. मावशी ‘पामोल्यान’ म्हणायच्या.

ही जात चुडाव्यात आली कशी? फार वर्षांपूर्वी एका स्टेशन मास्तरांची बदली झाली. ट्रकमध्ये पलंग चढला, कूलर चढला, कुंड्यासुद्धा चढल्या. कुत्री राहिली. ‘दोन दिवसांत येऊन नेतो’ म्हणत त्यांनी ती गँगमनच्या दाराशी बांधली. मावशी सांगायच्या, ‘त्यांचे दोन दिवस आजून व्हायचे हायेत.’ कुत्री गाभण होती.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि पिशवीत पाचशे पत्रकं होती. वर लाल अक्षरात ‘जीव विकत घेऊ नका’ आणि त्यापुढं तीन उद्गारचिन्हं. आमच्या गटात मी पत्रकं लिहायचे, आणि माझा समज असा होता की जगात जे काही वाईट चाललं आहे ते लोकांना नीट मुद्दे न मिळाल्यामुळं चाललं आहे. कुणीतरी सांगितलं, चुडाव्यात एक बाई कुत्र्यांचा धंदा करते. गेले. कवाड ढकललं आणि उभ्या उभ्याच सुरू झाले, ‘तुम्हाला लाज नाही वाटत? मुक्या जीवाची लेकरं विकता?’

मावशी ओट्यावर बसून एका कुत्रीच्या शेपटीत अडकलेली गोखरं फणीनं काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘आदी पानी पी. उनाची आलीस. मंग भांड.’

पाणी प्याले. भांडायचा जोर निम्मा गेला. तरी पत्रक पुढं केलं.

‘वाचून दाखीव,’ त्या म्हणाल्या. ‘मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. अन् चष्मा लावला तरी वाचता येत न्हाई.’

मी चौदाच्या चौदा मुद्दे वाचले, सभेत वाचतात तसे. पाचव्या मुद्द्याला कुत्री झोपली. मावशी मात्र शेवटपर्यंत ऐकत होत्या.

‘झालं?’

‘झालं.’

‘माय कुटं हाय ह्याच्यात?’

‘कुणाची माय?’

‘पिल्लाची. चौदा गोष्टी लिवल्यास. पिल्लाचं लिवलंस, घेनाऱ्याचं लिवलंस, इकनाऱ्याला शिव्या घातल्यास. मायचं नावच न्हाई. पिल्लू काय झाडाला लागतंय का गं?’

मी पत्रक उलटून बघितलं. त्या पुढं म्हणाल्या, ‘आमच्याकडं बकरीचं करडू घ्यायचं आसंल तर लोक मायची कास बघतेत. आजी कशी व्हती, दूध किती देत व्हती, समदं इचारतेत. अन् घरात उशाला झोपनारा जीव आनायचा तर फोनात फोटू बघून?’

त्या दिवशी मी पाचशेतली एकही प्रत चुडाव्यात वाटली नाही. शेजारच्या टपरीवाल्यानं शेंगदाण्याला दोन-चार मागून घेतल्या तेवढंच. मावशींनी मला तेव्हापासून नाव पाडलं, ‘पाम्प्लेटवाली’.

मावशींच्या काही रीती होत्या. पिल्लू बघायला आलेल्याला त्या पिल्लू दाखवायच्याच नाहीत. आधी माय. तिला अंगणात सोडायच्या आणि पाहुण्याला ओट्यावर बसवायच्या. माय धीट आहे का, अंगावर येते का, लपून बसते का, कातडीला खाज आहे का, ते तासभर बघा. ‘ही जशी, तसं ते व्हनार. आवडली न्हाई तर च्या पिऊन जा.’ दोन महिने पुरे झाल्याशिवाय पिल्लू हलायचं नाही. कुणी घाई केली की म्हणायच्या, ‘दोन महिने मायचे, पुढचे बारा-पंधरा वर्सं तुमचे. तुमालाच जास्त यायलेत की.’ पूर्णेच्या डॉक्टरांकडून लस टोचून आणल्याचं कार्ड त्या देवाच्या फळीवर, हळदी-कुंकवाच्या डब्याखाली ठेवायच्या. एका कुत्रीची तीन बाळंतपणं झाली की बास. चौथ्यांदा कुणी सुचवलं तर त्याच्याकडं बघून विचारायच्या, ‘तुज्या बायकोची किती झाली रे?’

आणि देताना पिल्लासोबत मायच्या अंथरुणाचा वीतभर तुकडा फाडून द्यायच्या. न धुतलेला. ‘धू नगा. वास ऱ्हाऊ द्या. पयल्या रात्री हेच्यावर झोपंल.’ मग पिल्लाच्या कपाळाला बोट लावून, घेणाऱ्याकडं बघत शेवटचं वाक्य म्हणायच्या. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला पाठ झालं. ‘न्हाई जमलं तर कुटं सोडू नगा. हितं आना. माहेर उघडं हाय.’

पिल्लू देण्याआधी घर बघायला जायचा त्यांचा नेम होता. एकदा मला सोबत नेलं. परभणीतलं घर, मालक बँकेत. नातवाच्या वाढदिवसाला पिल्लू द्यायचं होतं. बैठकीत सोफा, सोफ्यावर चादर, चादरीवर प्लास्टिक. मावशी खाली सतरंजीवर टेकल्या. पाणी घेऊन सून आली. मावशींनी सगळ्यांसमोर प्रश्न टाकला, ‘सकाळी फिरवंल कोन?’

बँकवाले काका म्हणाले, ‘ही आहे ना.’

‘दुपारच्याला घरी कोन ऱ्हातंय?’

सासूबाई म्हणाल्या, ‘ही असतेच की.’

‘आजारी पडलं तर दवाखान्यात कोन नेईल?’

‘मम्मी नेईल!’ नातू म्हणाला.

ही, ही आणि मम्मी अशा तिन्ही नावांची बाई ताट हातात धरून दाराच्या चौकटीत उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. मावशींनी विचारलं, ‘बाई, तुला पायजे का गं कुत्रं?’

तिनं सासऱ्यांकडं बघितलं, मग ताटाकडं.

मावशी उठल्या. ‘न्हाई द्यायचं मला.’

‘अहो पण आम्ही चांगल्या घरातले—’

‘घर लय चांगलं हाय. पर समद्या कामाला एकच नाव हाय. तिच्या गळ्यात मी आनखी एक जीव न्हाई बांधनार.’

परतीच्या गाडीत मी उत्साहानं म्हणाले, मावशी, तुम्ही काय बोललात! हे छापलं पाहिजे. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘छापून काय व्हतंय? तिला काई बाहेर काढता आलं न्हाई आपल्याला.’

आणि एक प्रसंग परभणीतल्याच एका विक्रेत्याचा. नाव लिहीत नाही. तो पिल्लं फोटोवर विकतो आणि गाठायला बोलावतो ते कुठल्यातरी कोपऱ्यावर, पुठ्ठ्याच्या खोक्यासकट. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला त्याच्याकडून ‘एकदम मिनी, टी-कप’ पामेरियन घ्यायचं होतं. मी मावशींना घेऊन गेले. खोक्यात चार पिल्लं होती. मावशींनी एकाचं तोंड उघडून हिरड्या बघितल्या, पोटावर बोट वाजवलं, खोक्याचा वास घेतला. ‘मिनी न्हाई हे. महिन्याचंबी न्हाई झालं. दूध तोडून आनलंय. पोटात जंत हायेत, म्हून फुगलंय. माय कुटं हाय ह्याची?’

‘घरी आहे ना मावशी.’

‘आन.’

‘लांब आहे घर.’

‘आमी बसताव.’

बसल्याच, दुकानाच्या पायरीवर. तासाभरानं तो चिडून मोटारसायकलवर एक मोठं पांढरं कुत्रं घेऊन आला. ‘ही घ्या आई.’ मावशींनी त्याच्या मानेखाली खाजवलं, शेपटी वर केली आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. ‘आगं बया! ही माय उभ्यानं पाय वर करून मुततीया वाटतं! बाबा, निदान बाईमानूस तरी आनायचं व्हतंस!’

शिक्षिकेनं पिल्लू घेतलं नाही. पण आम्ही निघालो तेव्हा मावशी हसत नव्हत्या. ‘त्या पिल्लायची माय कुटंतरी हाय,’ म्हणाल्या. ‘पिंजऱ्यात आसंल. तिला भाईर आनलं असतं तर आपल्याला दिसलं असतं काय हाल हायेत ते. म्हून न्हाई आनली.’ गाडीत बसल्यावर पुन्हा, ‘तिला कोन बघायला जानार?’

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी मी नवीन पत्रक लिहायला घेतलं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं पत्रक. वर ठळक, ‘पिल्लू नंतर, आधी माय!’ खाली सगळं मावशींचं: आई दाखवत नसेल तर उठून या. रस्त्यात, खोक्यात, फोटोवर पिल्लू घेऊ नका. दोन महिन्यांच्या आतलं घेऊ नका. टोचल्याचं कार्ड मागा, त्यावर डॉक्टरांची सही बघा. विकणारा तुम्हाला उलट प्रश्न विचारत नसेल तर तो फक्त विकतो आहे. आणि शेवटी, ‘चुडाव्याच्या गयामावशी आपण दिलेलं पिल्लू कधीही परत घेतात. त्या म्हणतात, माहेर उघडं हाय!’

छापखान्यातला दादा म्हणाला, एक ओळ खाली जायलीय, दोन शब्द काढा. मी उभ्या उभ्या दोन शब्द काढले. ‘आपण दिलेलं.’ उरलं ते असं: ‘चुडाव्याच्या गयामावशी पिल्लू कधीही परत घेतात.’

पत्रक घेऊन गेले, वाचून दाखवलं. मावशी खूश झाल्या. ‘आली बया माय एकदाची.’ मग थांबल्या. ‘पर हे वाचून कुनीबी कुनाचंबी आनून सोडंल की गं.’

‘नाही हो मावशी. लोक एवढे पण अडाणी नसतात.’

हे मी म्हणाले. लोक अडाणी आहेत असं गृहीत धरून ज्या मुलीनं शेकड्यांनी पत्रकं लिहिली, तिनं.

पत्रकाचा फोटो फोनाफोनांत फिरला. मी आकडे सांगत नाही, पण माझ्या मावसभावाला ते लातूरहून आलं. लोकांनी वरचे सगळे मुद्दे सोडले आणि शेवटची ओळ धरली. पहिल्या महिन्यात नांदेडहून एक चपट्या तोंडाचा पग आला, धापा टाकणारा, डोळ्यात फूल पडलेला. मग एक आंधळी म्हातारी कुत्री. एका सकाळी स्टेशनच्या जाळीला एक पिल्लू बांधलेलं सापडलं आणि त्याच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून, भिजू नये म्हणून काळजीनं गाठ मारून, माझं पत्रक. मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं पत्ता: ‘कुत्र्यांचं माहेर, चुडावा.’

मी धावत गेले. म्हटलं, मावशी, नाही म्हणा. हे तुमचे नाहीत.

‘कागदावर माझं नाव हाय न?’

‘चूक माझी आहे. मी दुरुस्ती छापते.’

‘छाप. पर त्याला वाचता येतंय का?’ पिल्लाकडं बोट. ‘त्याला म्हनू, की दोन शब्द गाळलेत म्हून तू जा?’

दुरुस्ती छापली. ती कुणी कुणाला पाठवली नाही.

वर्षभरात अंगणात अकरा कुत्री झाली. तीन त्यांच्या स्वतःच्या घरची, आठ माझ्या पत्रकाची. मावशींनी पिल्लं काढणं बंद केलं, जागाच नव्हती. म्हणजे बघा, चांगला ब्रीडर कसा ओळखावा हे लोकांना शिकवायला गेले आणि जिल्ह्यातला एकुलता एक चांगला ब्रीडर मी बंद पाडला. खोकेवाला मजेत आहे. आता तो विचारणाऱ्याला फोनवर कुठल्यातरी कुत्रीचा व्हिडिओ दाखवतो. ‘बघा, माय.’ माझं पत्रक त्यानंही वाचलंय.

मावशींचा दिवस अंगणात संपायचा. आंधळीला हातानं भरवायचं, पगचे डोळे दर चार तासांनी पुसायचे, दोघा-तिघांची भांडणं सोडवायची. लग्नाकार्याला जाणं सुटलं. मुलगा फोनवर ओरडायचा, ‘आई, सोड ते सगळं अन् ये इकडं.’ ‘येते की,’ मावशी म्हणायच्या आणि फोन ठेवून कुत्र्यांना विचारायच्या, ‘कसं रं? जाऊ का?’

माहेराबद्दल त्या एकदाच बोलल्या. मीच चिडून विचारलं होतं, एवढा कशाला त्या एका शब्दाचा हट्ट? त्या डाळ निवडत होत्या.

‘माझं माहेर पान्यात हाय,’ म्हणाल्या. ‘येलदरीच्या धरनात. मी पाच-सात वर्सांची आसंन गाव उठलं तवा. भाऊ बोरीला दुसऱ्याच्या शेतात कामाला लागला. लगीन झालं, पयल्याच साली ह्यांनी मारून भाईर काढलं. पिशवी घेऊन बोरीला गेले. भावजय दारातच हुबी. म्हनली, हितं आमालाच जागा न्हाई. तिचंबी खरंच व्हतं, एकच खोली. तशीच माघारी आले. कुटं जानार?’

‘मग?’

‘मंग काय. ऱ्हायले.’ त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. ‘नंतर ते सुधारले. पर मला त्या दिवशी यायचं नव्हतं माघारी.’

गेल्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार खाली गेलं. बोरीच्या भाच्यानं मावशींच्या फोनवर फोटो पाठवला: भेगाळलेला गाळ आणि त्यातून वर आलेलं दगडांचं एक चौकोनी जोतं. मावशींनी फोन डोळ्याला लावला, लांब धरला, मला दिला, परत घेतला. ‘हे आमच्या मारुतीचं जोतं हाय. हेच्या मागं आमचं घर.’ याआधी एकदा पाणी असंच गेलं होतं, तेव्हा घरात कुत्री व्यायला झाली होती म्हणून जाता आलं नाही. त्याआधी मालक आजारी होते. ‘आता पाऊस पडला की झालं. परत कवा उघडं पडंल, अन् मी आसंन का न्हाई.’

इथून येलदरी किती लांब? रेल्वेनं परभणी, तिथून एसटीनं जिंतूर, पुढं थोडंसं. एका दिवसात जाऊन येण्यासारखं. पण तो एक दिवस त्यांच्याजवळ नव्हता, आणि तो मी घेतला होता. मी म्हणाले, ‘मावशी, मी थांबते. अकराच्या अकरा सांभाळते. तुम्ही जा.’

त्यांनी मला आठ दिवस शिकवलं. कोण कुणाच्या ताटात तोंड घालतं, आंधळीला कुठल्या बाजूनं हाक मारायची. निघायच्या दिवशी पहाटे धुतलेलं लुगडं नेसून, कापडी पिशवी घेऊन कवाडात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘कोन आलं तर घे बरं का. मी येईस्तोवर नुसतं घे.’

‘कोण येतंय मावशी. जा तुम्ही.’

दुपारी तीनला गाडी आली. पांढरी चारचाकी, काचा बंद. एक चाळिशीचा माणूस उतरला. बाई आतच बसून राहिली. त्याच्या हातात माझं पत्रक होतं. मागच्या काचेला एक लहानसं पांढरं कुत्रं नाक लावून बघत होतं, एक कान तपकिरी.

‘कुत्र्यांचं माहेर हेच ना?’

माझं डोकंच फिरलं. विचारलं, पिल्लू कुठून घेतलं? खोक्यातून, परभणीत. आई बघितली होती का? नाही. कार्ड आहे? नाही. मग मी सुरू झाले. अंगणात अकरा कुत्री भुंकत होती आणि त्यांच्या वरताण मी. जबाबदारी, कायदा, माणुसकी. दहा मिनिटं तरी बोलले असेन. एकही मुद्दा सोडला नाही.

तो म्हणाला, ‘ताई, बदली झालीय हो. दोन दिवसांत काहीतरी सोय करतो. तोवर ठेवा.’

दोन दिवस! मी कवाड लावलं आणि आतून कडी घातली. ‘इथं जागा नाही.’

त्यानं पत्रक कवाडाच्या फटीत खोचलं. ‘मग छापता कशाला?’

गाडी वळून मोठ्या रस्त्याला गेली नाही. फाटकाकडं गेली. फाटकापलीकडं थांबली, मागचं दार उघडलं आणि लागलं. मी अंगणातून बघत होते. कवाड उघडून पळाले असते तर अकरा कुत्री रुळांवर गेली असती, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे मला ते दार दिसलं नाही असं धरून चालायचं होतं. मी आत जाऊन पगचे डोळे पुसत बसले.

संध्याकाळी उजेड असतानाच मावशी परतल्या. पाय घोट्यापर्यंत गाळानं माखलेले. गाळ वाळून पांढरा झालेला. चेहरा उन्हानं रापलेला, पण एखाद्या पोरीसारखा. कुत्री अंगावर उड्या मारत होती.

‘दिसलं?’ मी विचारलं.

‘दिसलं. जोतं दिसलं. मारुती बसवल्याला खळगाबी दिसला.’ त्या ओट्यावर टेकल्या. ‘घर काई घावलं न्हाई. समदं एकसारकंच झालंय. मी आपलं अंदाजानं एका जागी बसले थोडा येळ.’ मग माझ्याकडं बघून, ‘कोन आलं व्हतं का?’

‘नाही.’

त्यांनी कवाडाकडं बघितलं. फटीत पत्रक होतं. कवाडाबाहेर धुळीत गाडीच्या चाकांचं वळण होतं. ‘मंग हे चाकं कुनाचे?’

मी सांगितलं. सगळं, फाटकापलीकडं उघडलेल्या गाडीच्या दारापर्यंत.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘नाव काय त्याचं?’ एवढंच विचारलं.

‘विचारलं नाही.’

‘नर का मादी?’

मला माहीत नव्हतं. दहा मिनिटं बोलले होते मी.

‘रंग तरी?’

‘पांढरं. एक कान तपकिरी.’

मावशींनी पिशवी ओट्यावर ठेवली. पाणी प्याल्या नाहीत, पाय धुतले नाहीत. ‘तुजी गाडी यायची येळ झाली. जा तू. कवाड नुसतं लोटून घे. कडी लावू नको.’

‘अहो, ही बाहेर जातील ना.’

‘ही न्हाई जात कुटं,’ कुत्र्यांकडं बघत त्या म्हणाल्या. ‘जायला कुटं हाय.’

त्या फाटकाकडं निघाल्या. मी कवाड लोटलं आणि स्टेशनवर गेले. पंधरा दिवसांनी तापानं त्या अंथरुणाला खिळल्या आणि चार दिवसांत गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मग एकेका कुत्र्यासाठी घर शोधत हिंडले. प्रत्येक घरी खाली बसले, पाणी मागितलं, दुपारी घरी कोण असतं ते विचारलं. कुत्री मोजली होती. अकराच होती.

मावशी येलदरीहून परतल्या त्या संध्याकाळी माझी गाडी चुडाव्याहून सुटली तेव्हा मी खिडकीशी होते. मागं त्यांचं घर होतं, कवाड लोटलेलं, आणि कवाडाच्या आत अकरा तोंडं एका रांगेत. फाटकापलीकडं, बाभळींच्या कडेला, मावशी उभ्या होत्या. लुगड्याचा काठ एका हातात वर धरलेला, पाय गाळानं पांढरे, दुसरा हात तोंडाशी. गाडीच्या आवाजात ऐकू काहीच आलं नाही. पण नाव ठाऊक नसलेल्या कुत्र्याला आपल्याकडं एकच हाक असते, आणि त्यांच्या ओठांवरून ती मला कळली. यूऽ यूऽ. थांबायच्या, कान द्यायच्या, चार पावलं पुढं जायच्या. यूऽ यूऽ यूऽ.